शिक्षेचा इसार देता येत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत घरबसल्या पाहण्यासारख्या थरारपटांची जी यादी आली आहे, तीत १९९९ सालच्या 'डबल जेपर्डी' या अमेरिकी चित्रपटाची शिफारस करताना लेखकाने त्याच्या कथेचा पाया असलेली कायद्याची कल्पना (एखाद्याच्या खुनाची शिक्षा एकदा झाली की पुढे त्याच माणसाला खरोखर मारले तरी पुन्हा शिक्षा होत नाही, ही) खरी धरली आहे, एवढेच नव्हे तर आपल्याकडेही संविधानात तशीच तरतूद असल्याचे वाचकांना सांगितले आहे. मी खान्देशातील निरनिराळ्या न्यायालयांत एकतीस वर्षे लिपिक, बेंच क्लार्क आणि शेवटी शिरस्तेदार म्हणून काम केले. वकिली केली नाही, त्यामुळे युक्तिवादाची सवय मला नाही. परंतु रोजनामा लिहिण्यात आणि दोषारोपाचे मसुदे टंकलिखित करून घेण्यात आयुष्य गेल्यामुळे हे विधान वाचून गप्प बसवेना.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एक सुखवस्तू स्त्री नवऱ्याबरोबर शिडाच्या नौकेतून सहलीला जाते, मध्यरात्री जागी होते तो सगळीकडे रक्त आणि नवरा बेपत्ता. हातात सुरी असताना ती पकडली जाते, प्रेत सापडत नाही, तरी खुनाबद्दल तिला शिक्षा होते. तुरुंगातून केलेल्या फोनवर पलीकडे दार उघडल्याचा आवाज येतो, तिचा लहान मुलगा 'डॅडी' म्हणून आनंदाने ओरडतो, आणि नवरा जिवंत आहे हे तिला कळते. हा प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. पटकथाकाराचे कौतुक करावे असाच तो आहे. पुढे वकिली केलेली एक कैदीण तिला सांगते की, त्याच्या खुनाची शिक्षा तुला अगोदरच झालेली असल्याने आता भर जत्रेत, लोकांदेखत त्याला गोळी घातलीस तरी कोणी तुझे काही करू शकणार नाही. सहा वर्षांनी पॅरोलवर सुटलेली नायिका त्या एका वाक्याच्या बळावर नवऱ्याच्या मागे लागते.

हे वाक्य चुकीचे आहे, आणि कशामुळे चुकीचे आहे हे दोषारोपाचा एक कागद पाहिला तरी कळते. आमच्याकडे आरोपीला उभे करून जो दोषारोप वाचून दाखवला जात असे त्याची सुरुवात ठरलेली असे: तुम्ही अमुक तारखेस, अमुक वाजण्याच्या सुमारास, मौजे अमुक, तालुका अमुक येथे, अमुक इसमास अमुक हत्याराने मारून त्याचा खून केला. टंकलेखनात तारीख चुकली किंवा गावाचे नाव राहून गेले, तर साहेब कागद परत करीत आणि आम्हाला पुन्हा मशीनला कागद चढवावा लागे. ही काटेकोरी हौसेची नव्हती. दोषारोपात वेळ, स्थळ आणि व्यक्ती यांचा तपशील असलाच पाहिजे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २१२ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३५ मध्येही ते आहे. त्या तारखेला, त्या ठिकाणी घडलेल्या (किंवा घडली असे म्हटलेल्या) एका कृत्याचा खटला चालतो. नायिकेवरचा पहिला खटला वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळ एका रात्री नौकेवर घडल्याचे सांगितलेल्या कृत्याचा होता. सहा वर्षांनंतर न्यू ऑर्लिन्स शहरात तिने त्याच माणसाला गोळी घातली असती तर तारीख वेगळी, गाव वेगळे, हत्यार वेगळे, साक्षीदार वेगळे; जुळणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे मयताचे नाव.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० च्या खंड २ मध्ये एकाच अपराधाबद्दल कोणावरही एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही, असे सांगितले आहे. त्यातला 'अपराध' हा शब्द पुरवणीच्या लेखकाने 'अमुक माणसाला मारणे' असा वाचला. न्यायालयांनी तो तसा कधीच वाचलेला नाही. उलट त्या संरक्षणाची मर्यादा घट्टच धरली आहे. जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाचे सोने सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जप्त केले आणि नंतर त्याच्यावर फौजदारी खटलाही भरला, तेव्हा सोने गेले म्हणजे शिक्षा झालीच, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये मकबूल हुसेन प्रकरणात ते अमान्य केले, कारण जप्ती करणारा अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे. पुढच्याच वर्षी वेंकटरामन प्रकरणात खातेनिहाय चौकशी होऊन नोकरी गेलेल्या अधिकाऱ्यावर त्याच आरोपाखाली खटलाही चालू शकतो, असा निर्णय झाला. लाच घेताना सापडलेला एखादा कर्मचारी बडतर्फही होतो आणि न्यायालयातही येतो, हे आपले वाचक नेहमी पाहतात; त्याचे मूळ तिथे आहे.

संविधानापेक्षा अधिक तपशील प्रक्रिया संहितेत आहे. जुन्या संहितेचे कलम ३०० आणि नव्या संहितेचे कलम ३३७ यांनुसार एकदा दोषी किंवा निर्दोष ठरलेल्या माणसावर त्याच अपराधासाठी पुन्हा खटला चालत नाही. पण त्याच कलमाखाली दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे: एखाद्याला जबर दुखापतीबद्दल शिक्षा झाली आणि जखमी माणूस नंतर त्या दुखापतीने मरण पावला, तर त्या आरोपीवर सदोष मनुष्यवधाचा खटला पुन्हा चालू शकतो. घाव एकच आणि माणूसही तोच असताना, केवळ परिणाम नंतर घडला म्हणून कायदा दुसरा खटला चालू देतो. जिथे दुसरा घावच नव्याने घातला जाणार आहे, तिथे तो हात बांधून बसेल अशी अपेक्षा कशी करावी?

अमेरिकेतही याहून वेगळे नाही. तिथल्या संविधानाची पाचवी दुरुस्ती आपल्या तरतुदीशी बरीच मिळतीजुळती आहे. परंतु एकाच कृत्यामुळे दोन राज्यांचे कायदे मोडले असतील तर दोन्ही राज्ये स्वतंत्रपणे खटला चालवू शकतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे. हीथ विरुद्ध अलाबामा या प्रकरणात पत्नीच्या खुनाची सुपारी देणाऱ्या माणसाला जॉर्जिया राज्यात जन्मठेप झाल्यावर शेजारच्या अलाबामाने त्याच खुनासाठी त्याला देहदंडाची शिक्षा दिली, आणि १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुहेरी शिक्षा झाली असे मानले नाही. २०१९ मध्ये त्या न्यायालयाने हाच सिद्धान्त पुन्हा उचलून धरला. नायिकेला शिक्षा झाली ती वॉशिंग्टनमध्ये आणि ती पिस्तूल घेऊन जाते ती लुइझियाना राज्यात. म्हणजे कैदिणीचा सल्ला ज्या देशातला आहे, त्या देशातही तो दोन-दोन कारणांनी फसतो. बाई तुरुंगात का होती याचे उत्तर कदाचित तिच्या वकिलीतच असावे.

आता हीच नायिका आपल्याकडची आहे असे समजू. जन्मठेपेची शिक्षा चालू असताना ती अभिवचन रजेवर बाहेर आली (तुरुंगाच्या भाषेत पॅरोलला अभिवचन रजा आणि फर्लोला संचित रजा म्हणतात) आणि तिने नवऱ्याला ठार केले, तर तिला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४ ला तोंड द्यावे लागेल. जन्मठेप भोगत असलेल्या व्यक्तीने खून केल्यास फाशी किंवा उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभर कारावास, असे ते कलम आहे. जुन्या दंड संहितेतील कलम ३०३ तर याहून कडक होते. त्यात फाशीशिवाय पर्यायच नव्हता, आणि म्हणूनच १९८३ मध्ये मिठ्ठू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. सांगायचा मुद्दा असा की, चित्रपटात जी पहिली शिक्षा नायिकेला कवच वाटते, ती आपल्या कायद्यात तिच्यावरचा आरोप अधिक गंभीर करणारी बाब ठरते. पहिली शिक्षा चुकीची होती हे तिला माहीत असले तरी वरच्या न्यायालयाने ती रद्द करीपर्यंत ती कागदावर कायम राहते.

हे सगळे मी एका करमणुकीच्या चित्रपटासाठी एवढ्या तावातावाने का लिहीत आहे, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे कारण एक जुना खटला आहे. बोरी नदीच्या काठावरच्या एका गावात दोन चुलत भावांमध्ये कपाशीच्या शेताच्या बांधावरून वाद होता. एकाचा हात मोडला आणि दुसऱ्याला जबर दुखापतीबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की, मी हात लावलाच नाही, तो बैलगाडीवरून पडला. खरे काय होते ते त्या दोघांनाच ठाऊक. शिक्षा भोगून आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याने त्याच भावाचा तोच हात कुदळीच्या दांड्याने खरोखर मोडला, आणि स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन बसला. मी तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात बेंचवर होतो. दोषारोप वाचून झाल्यावर साहेबांनी गुन्हा कबूल आहे का असे विचारले, तेव्हा तो हात जोडून, अगदी शांतपणे म्हणाला, "एकदाव भोगी लिधी ना मी शिक्षा साहेब, आते कोन काय करी मनं?" साहेब विदर्भातले होते, त्यांना अहिराणी समजली नाही, मी अर्थ सांगितला: एकदा शिक्षा भोगून घेतली ना मी, आता माझे कोण काय करील? न्यायालयात हसू उमटले, पण तो हसत नव्हता. त्याच्या हिशेबात वर्षभराचा तुरुंग हा भरलेला पैसा होता आणि माल आता उचलायचा होता. केळीच्या बागेचा सौदा करताना व्यापारी इसार देतो आणि घड नंतर कापून नेतो, तसे.

त्याला दुसऱ्यांदा शिक्षा झाली, पहिलीपेक्षा मोठी, कारण शिक्षेच्या मुद्द्यावर सरकारी वकिलांनी पहिल्या निकालाची प्रत हजर केली. त्याने 'डबल जेपर्डी' पाहिला असण्याची काहीच शक्यता नाही. ही समजूत लोकांच्या मनात आपोआप उगवते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतरही पक्षकारांच्या बाकावर, चहाच्या टपरीवर, आणि एकदा तर माझ्या स्वतःच्या पुतण्याच्या तोंडून ती मी ऐकली आहे. अशा समजुतीला छापील कागदाचा आधार मिळाला की ती पक्की होते.

चित्रपटातील एका गोष्टीची मात्र बाजू घ्यायला हवी. प्रेत सापडले नसताना खुनाची शिक्षा होईल कशी, असा आक्षेप पुष्कळ जण घेतात आणि आपल्या लेखकानेही तो अशक्य भाग म्हणून नोंदवला आहे. तो अशक्य नाही. प्रेत सापडल्याशिवाय खुनाचा दोष देऊ नये, असे सतराव्या शतकात इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहून ठेवले होते. पण त्याला अपवाद नाहीत असे कुणी मानत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, मृत्यू इतर विश्वासार्ह पुराव्याने सिद्ध होत असेल तर प्रेत मिळालेच पाहिजे असे नाही. अन्यथा प्रेत नाहीसे करणारा प्रत्येक खुनी सुटेल. पुण्याच्या डॉ. अनंत लागू यांचा खटला जुन्या वाचकांना आठवत असेल. लक्ष्मीबाई कर्वे यांना या डॉक्टरांनी १९५६ च्या नोव्हेंबरात रात्रीच्या गाडीने मुंबईला नेले आणि तिथल्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या शरीरात विष सापडले नाही, तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावर डॉ. लागूंना खुनाबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. अशा पुराव्याची साखळी कशी तपासावी याचे पाच निकष १९८४ च्या शरद सारडा प्रकरणात घालून दिले आहेत आणि आजही प्रत्येक सत्र न्यायालयात त्यांचाच दाखला दिला जातो.

तेव्हा मेलेला माणूस परत येणे हा या कथेतला सर्वांत खरा भाग आहे. इंग्लंडमधील कॅम्पडन या गावचा हॅरिसन नावाचा कारभारी १६६० मध्ये नाहीसा झाला, त्याच्या खुनाबद्दल एका नोकरासह त्याची आई आणि भाऊ अशा तिघांना फासावर चढवले गेले, आणि १६६२ मध्ये हॅरिसन घरी परतला. इतके लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात एक आदिवासी मनुष्य पत्नीच्या खुनाच्या आरोपाखाली सुमारे दीड वर्ष तुरुंगात होता. सापडलेला सांगाडा तिचाच म्हणून पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती बाई मडिकेरी येथे एका हॉटेलात जिवंत दिसली. त्या माणसाने सूड घेतला नाही. तिला न्यायालयासमोर उभे करण्यात आले आणि तो निर्दोष सुटला.

चित्रपटाची खरी चुकलेली वाट मला इथे दिसते. नवरा जिवंत असल्याचे कळलेल्या कैदी स्त्रीने काय करायचे, हा प्रश्न फार मोठा होता. आपल्याकडे एकदा निकालावर सही झाली की तो देणारे न्यायालय स्वतः तो बदलू शकत नाही; लेखनातली चूक तेवढी दुरुस्त करता येते. मग उच्च न्यायालयात अपील, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या लोकांसाठी म्हणजे औरंगाबाद खंडपीठात, आणि तिथे नवा पुरावा घेण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ खाली अर्ज. अपील अगोदरच फेटाळले गेले असेल तर वाट आणखी अरुंद होते आणि शेवटी अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे हात पसरावे लागतात. म्हणजे न केलेल्या गुन्ह्याबद्दल क्षमा मागायची. दुसऱ्या बाजूला, खोटा पुरावा तयार करून निरपराध माणसाला अशा शिक्षेत अडकवणाऱ्या नवऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २३० आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्याला जिवंत पकडून त्याच न्यायालयाच्या दारात आणून उभे करणे, हा नायिकेचा खरा विजय ठरला असता.

आणि नुकसानीचे काय? विनाकारण अटक करविणाऱ्याकडून मिळू शकणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा नव्या संहितेच्या कलम ३९९ मध्येही एक हजार रुपयेच आहे. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या बळींसाठी स्वतंत्र न्यायालये आणि भरपाईची कायदेशीर व्यवस्था सुचवली होती. नव्या संहिता आल्या, ती व्यवस्था त्यांत आली नाही. पुरवणीच्या लेखकाला कायद्यातील भोक दाखवायचेच होते, तर ते हे होते.

गंमत अशी की, चित्रपटालाही आपल्या कल्पनेवर पुरता भरवसा नसावा. शेवटी नायिका नवऱ्याला थंड डोक्याने मारत नाही. तोच पिस्तूल काढतो, तिच्या मदतीला आलेल्या पॅरोल अधिकाऱ्याला जखमी करतो, आणि झटापटीत तिच्या हातून त्याचा शेवट होतो. हा सरळ स्वसंरक्षणाचा प्रसंग आहे आणि तो हक्क कोणालाही, पूर्वी शिक्षा झालेली असो वा नसो, मिळतो. कैदिणीच्या सल्ल्याची परीक्षा कोणत्याही न्यायालयात होतच नाही. दिग्दर्शक ब्रूस बेरेसफोर्ड यांनी किंवा पटकथाकारांनी हे जाणूनबुजून केले की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण दीड तास ज्या वाक्यावर प्रेक्षकाला खेळवले ते वाक्य शेवटी बाजूला ठेवले गेले, हे खरे.

चित्रपटाने थोडी मोकळीक घेऊ नये, असे मी म्हणत नाही. आपल्या चित्रपटांत न्यायाधीश हातोडा आपटतात. मी एकतीस वर्षांत एकाही न्यायाधीशाच्या टेबलावर हातोडा पाहिला नाही, आणि त्याबद्दल कधी पत्र लिहिले नाही. हातोड्यामुळे कोणाचा हात मोडत नाही.

आपल्याला विनंती एवढीच की, येत्या रविवारी पुरवणीच्या त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, दोन ओळींचा खुलासा छापावा: पूर्वी झालेली शिक्षा नंतर केलेल्या गुन्ह्याला लागू पडत नाही, मग ती शिक्षा चुकीची का असेना. चित्रपटाची शिफारस मागे घेण्याची गरज नाही. फोनवरच्या त्या प्रसंगासाठी तो जरूर पाहावा.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार
अमळनेर, जि. जळगाव